नौदलाच्या जुन्या बॉम्ब-फ्यूजचा अभ्यास करायचाय? न फुटलेल्या बॉम्बपासून सुरू करा

दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या विमानांचे बॉम्ब आणि त्यांचे फ्यूज, म्हणजे बॉम्ब ठरल्या वेळी फोडणारी यंत्रणा, अभ्यासायचे तर सुरुवात कुठून करू, असं नवीन मुलं विचारतात. माझं ऐकाल तर ड्रॉइंगं डाउनलोड करून स्प्रिंगा नि पिना पाठ करत बसू नका, चार दिवसांत कंटाळा येतो. एखादी मोहीम घ्या, तिथे बॉम्ब का फुटला नाही किंवा नको तेव्हा का सुटला ते शोधा, आणि मग यंत्राकडे या.

पॅसिफिकमधली अमेरिका-जपानची मिडवेची लढाईच घ्या ना. ४ जून १९४२, यॉर्कटाउन या अमेरिकन विमानवाहू जहाजावरून मॅक्स लेस्लीची १७ डॉन्टलेस बॉम्बफेकी विमानं निघाली, त्यांच्यात बॉम्ब आर्म करायला, म्हणजे फुटण्यासाठी तयार करायला, नवे इलेक्ट्रिक स्विच बसवलेले. वाटेत लेस्लीने स्विच दाबला तर बॉम्ब आर्म व्हायचा सोडून थेट समुद्रात! आणखी तिघांचं तेच झालं. उरले १३ बॉम्ब. तरी हा गडी नुसत्या मशीनगनवर सोर्यू या जपानी विमानवाहू जहाजावर सूर मारायला सगळ्यांच्या पुढे. यात फ्यूज बिचारा निर्दोष होता, गडबड स्विच आणि रॅक, म्हणजे बॉम्ब टांगायची चौकट, यांच्या मधल्या जोडणीत. म्हणून फ्यूज कधी एकटा वाचायचा नाही, विमान, रॅक, तार, उंची सगळं सोबत घ्यायचं.

तारेचं काम समजलं की अर्धी लढाई जिंकलात. बऱ्याच जुन्या बॉम्बच्या नाकावर किंवा शेपटीला छोटा पंखा असतो, आर्मिंग वायरने अडवलेला. बॉम्ब सुटला की वायर विमानालाच राहते, पंखा वाऱ्यावर फिरतो, ठरावीक फेरे झाले की मगच फ्यूज जिवंत. विमानवाहू जहाजावर याची किंमत जास्त, कारण अडकलेला बॉम्ब घेऊन विमान परत डेकवर उतरू शकतं.

आता हीच सोय उलटली कुठे, तर १९८२ मध्ये ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात. अर्जेंटिनाचे वैमानिक ब्रिटिश मिसाइल चुकवायला इतके खाली यायचे की बॉम्ब आर्म व्हायला वेळच मिळायचा नाही, बॉम्ब जहाजात घुसायचा आणि तसाच पडून राहायचा. अँटेलोप या ब्रिटिश युद्धनौकेवर २३ मेला असे दोन बॉम्ब अडकले, त्यातला एक निकामी करताना फुटला, एक बॉम्ब डिस्पोजलवाला गेला आणि जहाजही बुडालं. पण ती विमानं अर्जेंटिनाच्या हवाई दलाची स्कायहॉक होती, नौदलाकडेही स्कायहॉकच होती, आणि वाचताना नवखे इथेच सगळ्या स्कायहॉकची खिचडी करतात. नौदलाच्या स्कायहॉकनी २१ मेला आर्डेंट या ब्रिटिश युद्धनौकेवर स्नेकआय टाकले, म्हणजे शेपटीची पाती उघडून वेग कमी करणारे बॉम्ब, त्यामुळे विमान पुढे निघून जातं आणि फ्यूजलाही थोडी सवड मिळते. कोणी टाकला, कुठला बॉम्ब, किती उंचीवरून, हे तीन रकाने वहीत आखूनच ठेवा.

नावांचा गोंधळ होणारच. अमेरिकन यादीत एएन दिसलं की आर्मी आणि नेव्ही दोघांचं समजा. शेपटीचे फ्यूज एम१००, एम१०१, एम१०२ बघून घाबरू नका, भावंडंच आहेत, बॉम्बच्या आकाराप्रमाणे लांबी बदलते. जपानी नौदलाचं गणित त्याहून सोपं, नंबर २५ म्हणजे २५० किलो, नंबर ८० म्हणजे ८००. युद्धानंतर १९४६ साली अमेरिकन नौदलाने जपानी दारूगोळ्यावर जाडजूड पुस्तिका काढली, ओपी १६६७, ती आधी चाळा.

थोडं पुढे गेलात की पाणबुडीविरोधी डेप्थ चार्जकडे, म्हणजे पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणाऱ्या बॉम्बकडे, वळा, मला सगळ्यात हाच भाग आवडतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची, म्हणजे समुद्रावर पाणबुड्या शोधणाऱ्या शाखेची, विमानं ते साधारण १०० फूट खोलीवर फुटतील असे सेट करायची. ई. जे. विल्यम्स या भौतिकशास्त्रज्ञाने आकडेवारी तपासली तर बहुतेक हल्ले पाणबुडी वर असताना किंवा नुकती बुडी मारताना होत होते, मग १०० फुटांवर फोडून उपयोग काय? सेटिंग टप्प्याटप्प्याने २५ फुटांवर आणलं, आणि तेच डेप्थ चार्ज पाणबुड्यांना जड जायला लागले. नुसत्या इंजिनिअरिंगच्या नाही, स्टॅटिस्टिक्सच्या पोरांनाही इथे भरपूर काम आहे.

प्रत्यक्ष बघायचं तर गोव्यात बोगमाळो रस्त्यावरचं नौदल विमान संग्रहालय गाठा, पहिल्या विक्रांतवरची सी हॉक आणि अलिझे विमानं तिथे उभी आहेत. पंखाखाली बॉम्ब कुठे टांगत असतील, वायर कुठून जात असेल, हे विमानाखाली वाकून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. आणि कुणी जुना फ्यूज "सेफ आहे" म्हणून विकायला आणला तर हात लावू नका, लांब व्हा आणि पोलिसांना फोन करा.