एम.एड.च्या प्रबंधासाठी इब्न खल्दून घेताना

पहिल्या महिन्यात मी एक तक्ता केला. डावीकडे चौदाव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न खल्दून, उजवीकडे विसाव्या शतकातला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूनर (तोच विषय फिरून फिरून, दर वेळी जास्त खोलात शिकवा म्हणणारा), मध्ये बरोबरचं चिन्ह. मार्गदर्शक मॅडमनी कडेला पेन्सिलीनं लिहिलं, 'याचं भांडण कोणाशी होतं?' तक्ता गेला. तुम्ही सुरुवातच त्या प्रश्नापासून करा.

इब्न खल्दूनच्या 'मुकद्दिमा'चा (त्याच्या इतिहासग्रंथाची प्रस्तावना, १३७७) सहावा, शेवटचा भाग आधी वाचा. फ्रान्झ रोझेंथाल यांचा तीन खंडांचा इंग्रजी अनुवाद ग्रंथालयात मिळाला तर उत्तम. मी घाईत एकखंडी संक्षिप्त आवृत्ती विकत घेतली आणि फसले. संक्षेपांवर चिडलेल्या माणसाचाच संक्षेप!

त्याचा राग हाच. मोठे ग्रंथ आटवून केलेले सारांश नवख्यांना पाठ करायला लावत. शब्द घटले की अर्थ दाट होतो आणि पोराचा वेळ गाठी सोडवण्यात जातो, असं त्याचं म्हणणं. (गाईडं आठवली ना?) त्याऐवजी विषय तीन फेऱ्यांत शिकवा: आधी प्रत्येक प्रकरणातले मोजके मुद्दे, मग खुलासे नि मतभेद, शेवटी अडलेलं काहीही न सोडता. दोन विषय एकदम नकोत, पाठांमध्ये मोठा खंड नको. मारझोडीनं मूल खोटं बोलायला शिकतं, हेही तो बजावतो.

मी पाचवीचा अपूर्णांकांचा घटक तसा मांडला. पहिल्या फेरीत फक्त कागदाच्या घड्या. एका मुलीनं अर्ध्याची पुन्हा घडी घातली आणि म्हणाली, "बाई, पाव दोनदा म्हणजे अर्धाच की." छेद समान करायचा नियम तोवर फळ्यावर आलाच नव्हता. शेजारच्या वर्गावरचे सर मात्र रोज विचारायचे, "पोर्शन कधी संपणार?"

तेव्हा काझी अबू बक्र इब्न अल-अरबी यांच्याविषयीचा मजकूर नीट कळला. आधी भाषा आणि कविता, मग गणित, आणि त्यानंतर कुराण, असा क्रम त्यांनी सुचवला होता. इब्न खल्दून त्याला चांगला म्हणतो आणि लगेच सांगतो, रूढी हे होऊ देणार नाही. मूल मोठं होऊन हाताबाहेर गेलं तर कुराण राहूनच जाईल, ही आईबापांची धास्ती. ती तो हसण्यावारी नेत नाही.

सरांचा प्रश्न मी 'मर्यादा' या मथळ्याखाली लिहिला. तोंडी परीक्षेत निम्मा वेळ त्यावरच गेला.