फ्लॅटबेडवर स्लाइड स्कॅन करताना: आधी धूळ, मग डीपीआय

कागदपत्रांच्या साध्या फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर स्लाइड, म्हणजे माउंटच्या छोट्या चौकटीत बसवलेला फिल्मचा पारदर्शक फोटो, ठेवली की काळा चौकोन मिळतो. त्यात दिवा खालून असतो, स्लाइडला मात्र उजेड आरपार लागतो. म्हणून झाकणातही दिवा असलेला स्कॅनर हवा, उदाहरणार्थ एप्सनचा व्ही600 किंवा व्ही850. पहिल्याच्या होल्डरमध्ये (स्लाइड धरणाऱ्या साच्यात) एका वेळी 4 स्लाइड बसतात, दुसऱ्याच्या 12. झाकणाच्या आतली पांढरी मॅट आधी काढा, नाहीतर दिवा झाकलेलाच राहतो.

होल्डरच्या एका टोकाला छोटी रिकामी खिडकी असते. स्कॅनर तिथूनच दिव्याचा अंदाज घेतो. तिच्यावर धूळ किंवा केस असला, तर प्रत्येक चित्रात उभी रेघ उमटते आणि माणूस बिचाऱ्या स्लाइडच पुसत बसतो.

स्लाइड कडेने धरा. रबरी ब्लोअरने दोन्ही बाजू झटका. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे कण बसतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पडून राहिलेल्या स्लाइडवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. ती पाण्याने पुसू नका, फिल्मवरचं बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड आणि हलका हात, एवढंच. खाल्लेला भाग परत येत नाही.

चकचकीत बाजू खाली, मळकट (इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची) बाजू वर. उलट ठेवली तर पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतील.

खोक्यावरच्या 6400 डीपीआयला (दर इंचातल्या ठिपक्यांच्या आकड्याला) भुलू नका. व्ही600 प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही तपशील पकडत नाही. फाइल फुगते, एवढंच. 2400 डीपीआयला 24 × 36 मिमीची फ्रेम सुमारे 3400 × 2270 पिक्सेलची होते, आणि 48-बिट टिफ फाइल साधारण 46 एमबीची. बहुतेक कामांना हे पुरतं.

प्रीव्ह्यू (आधीचं कच्चं स्कॅन) घेतल्यावर निवडीची चौकट माउंटच्या काळ्या कडेच्या आत ओढा. ती कड मोजणीत आली की आपोआप ठरणारं एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) बिघडतं. शार्पनिंग (कडा धारदार करणं) बंद ठेवा, ते नंतर करता येतं.

'डिजिटल आइस' हे स्कॅनरमधलं तंत्र इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती भरून काढतं. वेळ बराच वाढतो, पण एक्टाक्रोमसारख्या रंगीत फिल्मवर ते फार उपयोगी. चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर ते बंदच ठेवा: चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे चित्रच धूळ समजलं जातं. कोडाक्रोम या जुन्या रंगीत फिल्मवरही ते घोळ घालतं, बारीक रेषांभोवती विचित्र कडा उमटतात. कोडाक्रोमचं उत्पादन 2009 साली थांबलं, पण घरोघरच्या डब्यांत ती अजून सापडते. माउंटवर नाव छापलेलं असतं, तेवढं बघून घ्या.

काचेच्या माउंटमध्ये इंद्रधनुषी वर्तुळं दिसली, तर त्या न्यूटन रिंग्ज. फिल्म काढून साध्या माउंटमध्ये बसवा. पुठ्ठ्याच्या माउंटमधली फिल्म फुगलेली असेल तर मध्यभाग आणि कडा एकदम स्पष्ट येत नाहीत.

माउंटवर हाताने लिहिलेली गावं, नावं, छापलेला महिना-वर्ष फाइलच्या नावात लगेच उतरवा. स्लाइड एकदा डब्यात परत गेली की कोणती कुठली ते शोधायला दुप्पट वेळ जातो.