आई-बाबा जर्मनीला येणार, तर फाइल अशी लावा

तिकिटं बघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि दिवस मोजा. आपण सहज "तीन महिन्यांचा व्हिसा" म्हणतो, पण शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम ९० दिवसांचा आहे, तोही कुठल्याही १८० दिवसांत मिळून. आई-बाबा १ जूनला फ्रँकफुर्टला उतरले आणि ३१ ऑगस्टला निघाले तर ९२ दिवस भरतात, कारण उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. मधे चार दिवस पॅरिसला नेलंत तरी ते याच हिशेबात येतात. शेंगेनमधले २९ देश मिळून ही एकच मोजणी. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद ठेवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे राहिलेले दिवस संगणक मोजतो. बाळंतपणासाठी आईला बोलावत असाल तर तिचे दिवस जपून वापरा. मी आईला तारखेच्या दहा दिवस आधी बोलावलं होतं. बाळ घरी आल्यानंतरच्या रात्रींना आई लागते, त्याआधी महिनाभर बोलावून ते दिवस संपवू नका.

दिवस ठरले की पहिलं काम जर्मनीत राहणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं. इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र घ्यायचं. त्याचं जर्मन नाव फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग, फी २९ युरो. पाहुण्यांचा राहण्या-जेवणाचा, गरज पडली तर दवाखान्याचा खर्च मी करीन, असं तुम्ही सरकारला लिहून देता, म्हणून ते तुमच्या पगाराच्या स्लिपा आणि घराचा करार मागतात. बऱ्याच शहरांत याची अपॉइंटमेंट मिळायलाच काही आठवडे लागतात, आणि मूळ कागद भारतात कुरिअरने पोहोचवायचा असतो. पत्र सहा महिन्यांच्या आत वापरावं लागतं, त्यामुळे फार आधी करूनही उपयोग नाही. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. माझं मत विचाराल तर तीन महिने आधी अर्ज करा आणि निवांत व्हा.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. इतकं झालं की पासपोर्ट उघडा आणि नाव एकेक अक्षर वाचा. आपल्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. आधारवर आईचं सासरचं नाव, पेन्शनच्या कागदावर माहेरचं, बँकेत मधलं नाव गाळलेलं, बाबांच्या नावात एकीकडे एक अक्षर जास्त. चाळीस वर्षं ही नावं सुखाने नांदली, पण परदेशी अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटू शकतात. माझ्या आईची बँक पासबुकावर माहेरचं आडनाव वागवत होती, ते आम्हाला फाइल लावताना दिसलं. लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

हमीपत्र असलं तरी आई-बाबा परत येणार हे त्यांच्याच कागदांतून दिसायला हवं. बँकेचा शिक्का असलेलं तीन महिन्यांचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ), नोकरी चालू असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, घराची कागदपत्रं. सातबारा जोडणार असाल तर इंग्रजी भाषांतरासह जोडा. अर्ज करण्याच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली याचं उत्तर द्यावं लागतं.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस चालणारा हवा. पॉलिसी घेताना आधीपासूनच्या बीपी-शुगरचं काय, हे विचाराच. स्वस्त पॉलिसीत बहुतेक वेळा ते वगळलेलं असतं. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, व्हिसाची फी प्रत्येकी ९० युरो.

पासपोर्ट हातात आला की पेढे वाटण्याआधी स्टिकर वाचा. तारखांची मुदत आणि राहायचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत थोडी लांब दिली असली तरी राहायचं तेवढंच, जेवढे दिवस लिहिलेत. प्रवेश "एक" लिहिला असेल तर मधे लंडन फिरून परत येता येणार नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसाही वेगळा.

आता बॅग, आणि इथे आईचं मन मोडावं लागतं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे खव्याचे पेढे, घरचं साजूक तूप, सुकं मटण घरीच. ताजा कढीपत्ता आणि हापूसही नाही, कारण ताज्या झाडपाल्याला आणि फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नारळ आणि केळी मात्र त्यातून वगळलेली आहेत, तेव्हा ओटी भरायला नारळ खुशाल आणा. डिंकाचे लाडू तुपातले असतात, म्हणून आईने इथे येऊन केले. डिंक, अळीव आणि खारीक तेवढी बरोबर आणली. औषधं तीन महिने पुरतील इतकी, मूळ पाकिटात, औषधाच्या मूळ घटकाचं नाव लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

व्हिसा असला तरी सीमेवरचा अधिकारी प्रश्न विचारू शकतो. हमीपत्राची प्रत, विमा, परतीचं तिकीट हे मोठ्या बॅगेत नको, आईच्या खांद्यावरच्या पर्समध्ये हवं. शेवटी एका जाड कागदावर तुमचं नाव, घरचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. खाली जर्मनमध्ये एक ओळ: "आम्ही मुलीकडे आलो आहोत, अमुक तारखेला परत जाणार." त्याच्या दोन प्रती काढा, एक बाबांच्या खिशात.