ज्युरी निवडताना काय ऐकावे आणि काय लिहून घ्यावे: अमेरिकेत फौजदारी कायदा शिकायला येणाऱ्यांसाठी

पुण्यात एलएल.बी. करून मी एलएल.एम.साठी मिनेसोटात आले, तेव्हा ज्युरीविषयीचे माझे सगळे ज्ञान नानावटी खटल्यापाशी सुरू होऊन तिथेच संपत होते. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने कमांडर नानावटींना निर्दोष ठरवले, न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही, एवढे आपल्याकडच्या प्रत्येक विधी विद्यार्थ्याला पाठ असते. (त्या एका खटल्यामुळे ज्युरी गेली असे सर्रास सांगतात, प्रत्यक्षात विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ती बंद करण्याची शिफारस केलेली होती.) मात्र ते नऊ जण त्या बाकावर आले कसे, हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही आणि मलाही कधी पडला नाही. आज मी एका फौजदारी बचावाच्या कार्यालयात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहायक, म्हणून काम करते आणि खुनाच्या खटल्यात माझे सर्वांत जोखमीचे दिवस साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वीच येतात, ते नेमके याच प्रश्नापायी. नव्याने येणाऱ्यांना या कामाची थोडी कल्पना असावी म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात टपालाने होते. मिनेसोटात ज्युरीच्या याद्या मतदार याद्यांबरोबरच वाहनपरवाना आणि राज्याचे ओळखपत्र असलेल्यांच्या नोंदींवरूनही तयार होतात, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यालाही एखाद्या दिवशी समन्स येऊ शकते. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला ते आले तेव्हा तिला आधी घाम फुटला आणि मग ते पाकीट सरळ कचऱ्यात टाकण्याचा मोह झाला. तसे करू नये. ज्युरर, म्हणजे ज्युरीचा सदस्य, होण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व, त्या काउंटीतले (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) वास्तव्य, अठरा वर्षे पूर्ण आणि इंग्रजीत संवाद साधता येणे आवश्यक असते. आपण नागरिक नाही असे अर्जावर नोंदवून तो परत पाठवला की विषय संपतो. अनुभव घ्यायची हौस म्हणून नागरिक असल्याची खूण मात्र चुकूनही करू नये, कारण नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे व्हिसाच्या आणि ग्रीनकार्डाच्या प्रत्येक वळणावर आडवा येतो.

मार्च २०२१ मध्ये मी मिनिआपोलिसमध्ये होते. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूप्रकरणी माजी पोलीस अधिकारी डेरेक शॉविन याच्यावरचा खटला हेनेपिन काउंटीच्या शासकीय इमारतीत अठराव्या मजल्यावर सुरू होत होता. कोविडमुळे न्यायालयात बाहेरच्यांना जवळजवळ प्रवेश नव्हता आणि त्याच कारणाने सगळे कामकाज थेट प्रक्षेपित होत होते. ज्युरीची निवड ९ मार्चला सुरू झाली आणि २३ मार्चला पूर्ण झाली; मी खोलीत बसून त्यातला बराच भाग वही घेऊन पाहिला. संभाव्य ज्युररचा चेहरा कॅमेऱ्यात दिसत नसे, नाव घेतले जात नसे, फक्त क्रमांक आणि आवाज. आज मागे वळून पाहता तो योगायोग माझ्या फायद्याचा ठरला, कारण चेहरा दिसत नसल्याने ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या खटल्यात तीनशेहून अधिक लोकांना काही महिने आधीच एक लांबलचक प्रश्नावली पाठवलेली होती. घटनेचा व्हिडिओ किती वेळा पाहिला, निदर्शनांत भाग घेतला का, 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'विषयी आणि पोलिसांच्या बाजूने चाललेल्या 'ब्लू लाइव्ह्ज मॅटर'विषयी मत काय, मार्शल आर्टचे शिक्षण घेतले आहे का, असे बारीक प्रश्न त्यात होते. मग एकेकाला बोलावून आधी न्यायाधीश पीटर केहिल, नंतर बचावाचे वकील एरिक नेल्सन आणि सरकार पक्षाचे स्टीव्ह श्लायशर प्रश्न विचारत. या तोंडी चौकशीला 'व्हॉयर डायर' म्हणतात. शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ साधारण 'खरे बोलणे'. उच्चार दर राज्यागणिक बदलतो, तेव्हा पहिल्या दिवशी आपल्या वरिष्ठांचा उच्चार ऐकून तोच गिरवावा.

नवख्याची पहिली गैरसमजूत 'निवड' या शब्दातूनच होते. इथे कोणताही वकील कोणालाही निवडत नाही. दोन्ही बाजू फक्त नको असलेले लोक काढतात आणि जे काढायचे राहून जातात त्यांची ज्युरी होते. काढण्याचे मार्ग दोन. पहिला सकारण आक्षेप: हा माणूस निष्पक्ष राहू शकत नाही हे दाखवून न्यायाधीशांची खात्री पटवायची, असे आक्षेप कितीही घेता येतात. दुसरा 'पेरेम्प्टरी', म्हणजे कारण न देता काढण्याचा हक्क. हा मोजून मिळतो आणि म्हणून जपून वापरावा लागतो. शॉविन खटल्यात बचावाला पंधरा आणि सरकार पक्षाला नऊ मिळाले होते, पुढे न्यायाधीशांनी त्यात अनुक्रमे तीन आणि एकाची भर घातली. प्रत्येक राज्यात हे आकडे निराळे असतात. ॲरिझोनाने तर २०२२ पासून हा हक्कच रद्द केला. तेव्हा नव्या कार्यालयात रुजू झाल्यावर आधी त्या राज्याचा नियम वाचावा.

दुसरी गैरसमजूत अशी की, ज्याने प्रकरणाविषयी काहीच ऐकलेले नाही असा कोरा माणूस शोधायचा असतो. गाजलेल्या खुनात असा माणूस मिळत नाही, आणि मिळालाच तर तो कोणत्या जगात राहतो याचीच काळजी वाटते. या बाबतीतला मूळ निवाडा आयर्विन विरुद्ध डाउड, १९६१ चा. इंडियानातल्या त्या प्रकरणात ४३० जणांना तपासले गेले आणि त्यांतल्या २६८ जणांना आरोपीच्या दोषाविषयी मत पक्के झाले आहे म्हणून सोडून द्यावे लागले. एवढे करूनही शेवटी बसलेल्या बारा जणांपैकी आठ जणांना आरोपी दोषीच वाटत होता. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, मात्र त्याच निवाड्यात कसोटीही सांगून ठेवली: मत असणे हा दोष नाही, ते बाजूला ठेवून केवळ न्यायालयात आलेल्या पुराव्यावर निर्णय देता आला म्हणजे पुरे. त्यामुळे सगळी झटापट 'बाजूला ठेवता येईल का' या एका प्रश्नाच्या उत्तरावर येऊन थांबते.

इथेच माझ्या हातून पहिली मोठी चूक झाली. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. खुनाचाच खटला होता. मी वकिलांच्या मागच्या खुर्चीत बसले होते आणि मांडीवर मनिला फोल्डर होते. त्यावर ज्युरीच्या बाकाप्रमाणे चौकोन आखलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात एक पिवळी चिकटचिठ्ठी. माणूस गेला की चिठ्ठी उपटायची, नवा आला की नवी लावायची. मधल्या रांगेत सहा नंबरवर एक बसचालक होता, त्याचा भाऊ पोलिसात. पोलिसाची साक्ष इतर कोणाच्याही साक्षीसारखीच तोलता येईल का, असे आमच्या वकिलांनी विचारले. त्याने क्षणभर हातातल्या टोपीची कड फिरवली आणि म्हणाला, "आय वुड लाइक टू थिंक सो." मी चिठ्ठीवर लिहिले: 'भाऊ पोलीस. निष्पक्ष. हो म्हणाला.'

तासाभराने न्यायाधीशांच्या बाकाजवळ हळू आवाजात आक्षेपांची चर्चा सुरू झाली. वकिलांनी मागे वळून मला विचारले, सहा नंबर नेमके काय म्हणाला? माझ्याकडे त्याचे शब्द नव्हते, फक्त माझा निष्कर्ष होता. वकिलांनी आठवेल तसे सांगितले, सरकारी वकिलांनी ते खोडले, तेव्हा न्यायाधीशांनी त्या माणसाला स्वतःच विचारले की, मी सांगेन तो कायदा पाळाल ना. असे विचारल्यावर भर न्यायालयात कोण नाही म्हणणार? तो हो म्हणाला, सकारण आक्षेप फेटाळला गेला आणि त्याला काढण्यासाठी आम्हाला मोजक्या पेरेम्प्टरींपैकी एक खर्च करावी लागली. डगमगलेल्या ज्युररला अशा प्रश्नाने पुन्हा उभे करण्याला इथले वकील 'रिहॅबिलिटेट करणे' म्हणतात. संध्याकाळी मला कोणी रागावले नाही. तेच जास्त लागले.

खरे तर मराठी माणसाला हे उत्तर लगेच ओळखता यायला हवे होते. आपल्याकडे लग्नाच्या आमंत्रणावर किंवा उसन्या पैशांच्या मागणीवर कोणी 'बघू' म्हणाले, तर त्याचा अर्थ आपल्याला विचारावा लागत नाही. 'आय विल ट्राय', 'आय होप सो', 'आय थिंक आय कॅन' ही सगळी इंग्रजीतली 'बघू' आहेत. तेव्हापासून मी चिठ्ठीवर फक्त बोललेले शब्द अवतरणात लिहिते आणि थांबला असेल तर आडवी रेघ ओढते. माझे मत मागच्या बाजूला, पेन्सिलीने.

एकदा बसवलेला ज्युरर कायम राहतोच असेही नाही. शॉविन खटल्यात निवड अर्ध्यावर असताना, १२ मार्चला, मिनिआपोलिस शहराने फ्लॉइड कुटुंबीयांशी २.७ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. बचाव पक्षाने खटला पुढे ढकलण्याची आणि दुसरीकडे हलवण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही, परंतु तोवर बसलेल्या सात ज्युररना न्यायाधीशांनी पुन्हा बोलावून ही बातमी कानावर आली का आणि तिचा काय परिणाम झाला हे विचारले, आणि दोघांना सोडून दिले. त्या दोघांनी प्रामाणिकपणे सांगितले म्हणून ते गेले. सगळेच तसे सांगतील याची हमी नसते. निकालानंतर एका ज्युररचा ऑगस्ट २०२० मधल्या वॉशिंग्टनच्या मोर्चातला फोटो पुढे आला आणि नव्या खटल्यासाठीच्या अर्जात बचावाने तो मुद्दा लढवला. अर्ज फेटाळला गेला. प्रश्नावलीतल्या एका प्रश्नाची शब्दरचना किती काटेकोर हवी, हे मला त्या वादातून जितके कळले तितके पुस्तकातून कळले नव्हते.

कारण न देता काढता येते, याला एक मोठा अपवाद आहे. बॅट्सन विरुद्ध केंटकी या १९८६ च्या निवाड्याने वंशावरून ज्युरर काढण्यास मनाई केली आणि १९९४ मध्ये लिंगभेदालाही तोच नियम लागू झाला. समोरच्या बाजूने आक्षेप घेतला की काढणाऱ्याला वंशाशी संबंध नसलेले कारण द्यावे लागते आणि ते खरे की बहाणा हे न्यायाधीश ठरवतात. बहाणा शोधण्यासाठी तुलना करतात: ज्या उत्तरामुळे कृष्णवर्णीय बाईंना काढले, तेच उत्तर देणाऱ्या गोऱ्या गृहस्थांना ठेवले का? मिसिसिपीतल्या कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर एकाच खुनांच्या आरोपाखाली सहा वेळा खटला चालला आणि त्या सहा खटल्यांत मिळून सरकारी वकिलांनी काढता येण्याजोग्या ४२ कृष्णवर्णीय ज्युररपैकी ४१ जणांना काढले; २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. ही तुलना आयत्या वेळी करायची तर ती त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवरूनच होते, तेव्हा सर्वांना विचारलेला समान प्रश्न आणि प्रत्येकाचे उत्तर एका रांगेत मांडलेला तक्ता तयार ठेवावा. टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात सात युरोपीय आणि दोन पारशी ज्युरर होते व कौल सात विरुद्ध दोन असा लागला, हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता: आक्षेप कोणी घेतला नाही?

शिकायचे कसे, याचे उत्तर सोपे आणि फुकटचे आहे. प्रेस्ली विरुद्ध जॉर्जिया या २०१० च्या निवाड्यानुसार ज्युरीची निवडही खुल्या न्यायालयातच व्हावी लागते. त्या प्रकरणात आरोपीच्या काकांना बाहेर काढले होते आणि तेवढ्यावरून शिक्षा रद्द झाली. म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या माणसालाही काउंटीच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसता येते. फोन बंद ठेवावा, लिफ्टमध्ये कोणाशी हवापाण्याच्या गप्पासुद्धा मारू नयेत, कारण शेजारी उभा असलेला माणूस ज्युरर असू शकतो. एलएल.एम. नंतर मिळणाऱ्या ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या परवानगीचे, महिने बाराच असतात. त्यांतला पहिला महिना अशा बाकावर आधीच घालवलेला असेल, तर मुलाखतीत सांगण्यासारखे काही हाताशी राहते.

कार्यालयात नवख्याच्या वाट्याला हमखास येणारे काम म्हणजे संभाव्य ज्युररची समाजमाध्यमे पाहणे. अमेरिकन बार असोसिएशनच्या २०१४ च्या ४६६ क्रमांकाच्या मताप्रमाणे सर्वांना दिसणारी पाने पाहण्यास हरकत नाही, पण मैत्रीची विनंती पाठवणे म्हणजे ज्युररशी संपर्क साधणे, आणि ते निषिद्ध आहे. लिंक्डइनसारख्या ठिकाणी कोणी पाहिले हे समोरच्याला कळू शकते. त्या मताने अशी आपोआप जाणारी सूचना वकिलाचा संपर्क मानलेली नाही, तरीही आमच्याकडे लॉग-इन करून पाहण्यास मनाई आहे.

शेवटी पर्यायी ज्युरर. लांब खटल्यात कोणी आजारी पडेल, कोणी वर्तमानपत्र वाचेल, म्हणून बारांपेक्षा जास्त माणसे बसवतात, आणि तेही मुख्य ज्युररइतकेच लक्ष देऊन तपासावे लागतात. सगळे थकलेले असतात, पेरेम्प्टरी संपत आलेल्या असतात आणि नेमक्या त्याच वेळी चिठ्ठीवरचे शब्द त्रोटक होऊ लागतात. शॉविन खटल्यात पर्यायी धरून एकूण पंधरा जण घेतले होते. २९ मार्चच्या सोमवारी सकाळी चौदा जण हजर आहेत असे दिसल्यावर पंधराव्याला आभार मानून घरी पाठवण्यात आले, आणि त्यानंतर सुरुवातीची भाषणे सुरू झाली.