डेस्कटॉप घ्यावा की नको? दुकानात जाण्याआधी घरातलं टेबल बघा

कॉम्प्युटरच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, 'बजेट किती?' त्याचं उत्तर जरा लांबणीवर टाका. डेस्कटॉप तुम्हाला सोसेल का, हे किमतीपेक्षा तुम्ही कुठे बसून काम करता आणि लाईट गेल्यावर तुमचं काय अडतं, यावर जास्त ठरतं.

१. आठवडाभर वहीत टिपा

रोज कोणतं काम केलं, कुठे बसून आणि किती वेळ, एवढंच लिहायचं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपचं ड्रॉइंग, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची टॅली, वडगावातल्या यंत्रमागवाल्याचा सुताचा हिशेब ही कामं एकाच खुर्चीत होतात. अशांना डेस्कटॉप शोभतो. पण मुलगी हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करत असेल किंवा तुम्ही खानापूरहून रोज बसने ये-जा करत असाल, तर लॅपटॉप घ्या आणि विषय संपवा.

२. जागा मोजा

मॉनिटर डोळ्यांपासून हातभर लांब हवा, म्हणजे टेबल निदान दोन फूट खोल लागतं. जवळ तीन पिनचं सॉकेट हवं आणि त्याला खरोखर अर्थिंग हवं, ते वायरमनकडून तपासून घ्या. जांबोटीकडच्या घरांत पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, तिथे सीपीयू जमिनीवर ठेवू नका. फाउंड्रीच्या आवारात तो शेडमध्ये नको, दार लागणाऱ्या केबिनमध्येच ठेवा.

३. लाईट गेल्यावर काय?

सगळ्यात जास्त विचार इथे करा, कारण लोक नेमकं हेच विसरतात. लॅपटॉपला बॅटरी असते. डेस्कटॉप मात्र लाईट गेली की त्याच क्षणी बंद पडतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं. म्हणून यूपीएसचा, म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ वीज देणाऱ्या बॅटरीच्या डब्याचा, खर्च डेस्कटॉपच्या किमतीतच धरा. साधं ऑफिसचं मशीन आणि मॉनिटर यांना ६०० व्हीए (यूपीएसच्या क्षमतेचं माप) चा यूपीएस बॅटरी नवी असताना साधारण दहा-पंधरा मिनिटं धरतो. तेवढा वेळ फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यासाठी असतो. त्यात काम उरकायला बसू नका. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, हेही लक्षात असू द्या.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर 'यूपीएस मोड'चं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला क्षणभर जास्त लागतो आणि तेवढ्यात मशीन रिस्टार्ट होऊ शकतं. झेरॉक्सवाल्यांसाठी खास सांगणं: लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका. तापताना तो एकदम खूप करंट ओढतो.

दुपारभर लाईट नसण्याचे दिवस तुमच्या गावात नेहमीचे असतील, तर डेस्कटॉपचा हट्ट सोडा.

४. दुकानातच टाइप करून बघा

सीमाभागात एकाच माणसाला सकाळी मराठी लग्नपत्रिका आणि दुपारी कन्नड अर्ज टाइप करावा लागतो. विंडोजमध्ये दोन्ही भाषांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांसाठी ठरवलेली अक्षरांची मांडणी) फुकट मिळतो आणि मांडणी एकच असते: इंग्रजी 'के'च्या बटणावर मराठीतही 'क', कन्नडमध्येही 'क'. एक शिकलात की दुसरी बोटांना निम्मी आलीच! दिवसभर असं टाइपिंग किंवा जीएसटीचे आकडे असतील, तर नंबरपॅडवाला मोठा कीबोर्ड आणि डोळ्यांच्या उंचीवरचा मॉनिटर यांनी मान-मनगटाला आराम पडतो. डीटीपीवाल्यांनी (छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवणाऱ्यांनी) जुन्या फॉन्टच्या फायली नव्या मशीनवर उघडतात का आणि सॉफ्टवेअरला डोंगल (ते चालू होण्यासाठी मशीनला खोचायची छोटी किल्ली) लागतो का, हे आधी विचारून घ्यावं.

लॅपटॉप आधीच असेल तर त्याला वेगळा मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून महिनाभर बसून बघा. बऱ्याच जणांचं काम एवढ्यावरच भागतं. नव्या मशीनचा खर्चही वाचतो.

५. डेस्कटॉपच ठरला, तर

हिशेब-टायपिंगला ८ जीबी रॅम पुरते, कॅडला (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगच्या कामाला) १६ जीबी घ्या. फायली साठवायला हार्ड डिस्क नको, तिच्याहून वेगवान एसएसडीच मागा. वायफाय आहे का विचारा, बऱ्याच असेंबल केलेल्या मशीनमध्ये ते नसतं. पुढे रॅम वाढवणं किंवा बिघडलेला एखादाच भाग बदलणं डेस्कटॉपमध्ये सोपं असतं. टिकण्याच्या बाबतीत मला तो लॅपटॉपपेक्षा उजवा वाटतो, तो यामुळेच.

जुना माल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला, प्रोसेसर इंटेलचा असेल तर, तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. 'आय५ आहे, घ्या' एवढ्यावर भुलू नका. आय५-४५७० हा चौथ्या पिढीचा, तर आय५-८४०० आठव्या पिढीचा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'सिस्टिम' उघडलं की पूर्ण नंबर दिसतो. पैसे मोजण्याआधी तो वाचा आणि बिलावर तोच लिहून घ्या.