मृग लागायच्या आधी गाडीचे वायपर घरीच बदला

दोन वर्षांपूर्वी जुलैत माहेराहून, म्हणजे कराडहून चिपळूणला परत येत होते. कुंभार्ली घाटाच्या अलीकडे, हेळवाक सोडल्यावर, माझ्या बाजूच्या वायपरचं रबर अर्धं सुटलं आणि काचेवर फडफडायला लागलं. मागे दोन्ही मुलं, समोर धुकं, आणि काचेवर पत्रा घासल्याचा कर्र आवाज. गाडी बाजूला घेतली. डावीकडचं ब्लेड काढून उजवीकडे चढवलं, डाव्या दांड्याच्या उघड्या टोकाला रुमाल घट्ट गुंडाळून वर रबरबँड लावलं आणि अगदी हळू पोफळीत उतरलो. डावं ब्लेड आखूड, त्यामुळे काचेची कड पुसली जात नव्हती, पण समोरचा रस्ता दिसत होता. भर पावसात हे पाच मिनिटांत झालं, कारण ब्लेड कसं निघतं ते माझ्या हातांना आधीच ठाऊक होतं. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते यावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे कोयनानगरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्या पावसात रस्ता दिसणं न दिसणं रबराच्या एका पट्टीवर असतं.

पावसाळा संपला की वायपर सात-आठ महिने काचेला टेकून उन्हात पडून असतात. रबराची धार कडक होते आणि तिच्यावर जांभ्याची लाल धूळ बसते. मृगाच्या पहिल्या सरीला तीच धूळ काचेवर रगडली जाते. म्हणून मी हे काम मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी करते. त्याआधी काचेवर भरपूर पाणी ओतून वायपर फिरवून बघते. बारीक रेघा राहिल्या तर धारेला खडा अडकलाय किंवा ती चिरली आहे. ओल्या कपड्याने रबर पुसूनही रेघा गेल्या नाहीत, किंवा नखाने दाबल्यावर धार वाकायच्या ऐवजी तडकलेली दिसली, तर नवीन घ्यायचं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. ते सांगायचे, "पोरी, कोरड्या काचंवर वायपर कधी फिरवू नगंस. काच एकदा ओरखडली की ती तशीच राहती." हे मी आजवर पाळलंय.

दुकानात जायच्या आधी दोन्ही ब्लेडं मेझर टेपने मोजा. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूचं लांब आणि डावीकडचं आखूड असतं. पाकिटावर इंच आणि मिलिमीटर दोन्ही छापलेले असतात, 24 इंच म्हणजे 600, 16 इंच म्हणजे 400. एका दुकानात मला "चालतंय हो ताई" म्हणत दोन्ही सारख्याच मापाची दिली होती. चालत नाहीत. डावीकडचं मोठं झालं की दोन्ही ब्लेडं एकमेकांवर आपटतात. दांड्याच्या टोकाचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या. बहुतेक दांड्यांना छत्रीच्या मुठीसारखा आकडा असतो, पण काही गाड्यांत बाजूने खिळ घालायची किंवा बटण दाबायची रचना असते आणि त्यांचं ब्लेड वेगळं येतं. सांगाड्याचं साधं ब्लेड घ्यायचं की बिनसांगाड्याचं चपटं? चपटं काचेच्या वळणावर जास्त सारखं बसतं, पण महाग असतं. मी साधं घेते आणि दरवर्षी बदलते. महागडं आणून तीन पावसाळे ओढण्यापेक्षा मला हेच पटतं.

आता काम. गाडी सावलीत लावा, चावी काढून ठेवा. काचेवर जुना जाड टॉवेल चौपदरी घडी करून पसरा. ही पायरी कृपा करून गाळू नका. दांड्यात ताठ स्प्रिंग असते. ब्लेड काढल्यावर उभा दांडा निसटला तर त्याचं लोखंडी टोक काचेवर हातोडीसारखं बसतं. मी एकदा नवीन पाकीट फोडायला वळले आणि कोपर लागून दांडा खाली आला. टॉवेल होता म्हणून काच वाचली. तेव्हापासून पाकीट आधी फोडून ठेवते आणि दोन्ही ब्लेडं एकदम काढत नाही. एक काढायचं, एक बसवायचं.

दांडा अलगद उचलून उभा करा, तो तसाच थांबतो. काही गाड्यांत वायपर बोनेटच्या कडेखाली लपलेले असतात. ते ओढून उचलू नका, रंग खरवडतो. ते आधी काचेवर मध्यापर्यंत आणावे लागतात, कसे ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. आता ब्लेड दांड्याला आडवं फिरवा. आकड्याच्या आत एक प्लास्टिकची क्लिप आणि तिला छोटं लॉक दिसेल. ते अंगठ्याने दाबून धरा आणि ब्लेड खाली, बोनेटच्या दिशेने सरकवा. इथे सगळे चुकतात. ब्लेड आपल्याकडे किंवा वर ओढतात आणि क्लिप मोडते. खाली सरकलं की क्लिप आकड्यातून सुटते आणि ब्लेडच्या खाचेतून आकडा बाहेर काढता येतो. धुळीने जाम झालं असेल तर थोडं पाणी सोडा, पक्कड लावू नका.

नवीन बसवताना नेमकं उलट. आकडा खाचेतून आत घाला, क्लिप त्याच्या वळणात बसवा आणि ब्लेड वर ओढा. 'टक' असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर बसलेलं नाही. पाकिटात दोन-तीन क्लिपा येतात, त्यांतली दुसरी लावून बघा. ब्लेड हाताने हलवून खात्री करा. रबरावर प्लास्टिकची पट्टी चढवलेली असेल तर ती काढायला विसरू नका. मग टॉवेल काढून दांडा हाताने धरत काचेवर टेकवा.

सुरू करण्याआधी काच शाम्पूच्या पाण्याने धुऊन घ्या. ट्रकच्या धुराचा तेलकट थर राहिला तर नवीन ब्लेडही धुकट पट्टे काढतं. रबर मात्र नुसत्या ओल्या फडक्यानेच पुसा, रॉकेल-पेट्रोल लावलं तर ते फुगतं. फवाऱ्याचं भोक बुजलं असेल तर बारीक सुईने मोकळं करा. आता काच भिजवून वायपर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि परतताना उड्या मारत असेल, तर दोष ब्लेडचा नाही, दांडा पिळला गेलाय. तो गॅरेजमध्येच सरळ करून घ्या.

जुन्या दोन्हींतलं बरं ब्लेड फेकू नका. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवते, सोबत एक रुमाल आणि दोन रबरबँड.