कुत्रा मांजरीमागे सुटला की हाक ऐकत नाही? हे करून बघा

आधी मनातून हे काढून टाका की तो पळाला म्हणजे त्याचा तुमच्यावर जीव नाही. जीव आहेच. 2015 साली जपानी संशोधकांना दिसलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं हार्मोन, वाढतं, माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसं दिसलं नाही. पण पाठलाग ही लांडग्याकडूनच आलेली ओढ आहे, आधी हेरायचं, मग रोखून बघायचं, दबकत पुढे सरकायचं, धावायचं, पकडायचं, आणि एकदा का धावणं सुरू झालं की हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही हो! म्हणून जे काय करायचं ते त्याच्या आधी.

म्हणजे फिरायला नेताना मोबाईल खिशात, नजर कुत्र्यावर. कान पुढे आले, अंग ताठ झालं, तोंड मिटलं, की लगेच हाक मारा, आणि त्याने मान वळवली रे वळवली की शाबासकी देत उलट्या दिशेला पळत सुटा. आता तो तुमच्यामागे धावेल, पोचला की आवडीचा खाऊ द्या किंवा खेळणं ओढायला द्या.

हाकेचा शब्द वेगळा ठेवा, रागवायला किंवा आंघोळीला बोलवायला तो वापरू नका. आधी घरात शिकवा, मग शांत जागी, मग मैदानात 10 मीटरची दोरी लावून. दोरी हार्नेसलाच, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला बांधा, गळ्यातल्या पट्ट्याला नको, धावत्या कुत्र्याच्या मानेला जोरात झटका बसतो. आणि आला की बहुतेक वेळा परत खेळायला सोडा, नाहीतर हाक म्हणजे मजा संपली असंच तो धरून चालतो.

उशिरा आला तरी मारू नका, प्लीज. मी एकदा भीतीपोटी माझ्या कुत्रीवर खूप ओरडले, तिला वाटलं परत आले म्हणूनच ओरडा बसला, पुढे कित्येक दिवस ती चार हात लांबच थांबायची. अजून वाईट वाटतं.

सगळे कुत्रे सारखे नसतात हेही आहे. बॉर्डर कॉली या मेंढ्या हाकणाऱ्या जातीत रोखून बघणं मुद्दाम जोपासलंय, बरेच हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रे, वासामागे जातात, आणि काहींना कितीही शिकवलं तरी जनावरं दिसतील तिथे मोकळं सोडता येत नाही, त्यांना लांब दोरीवरच फिरवा आणि वास घ्यायला भरपूर वेळ द्या.